नाव घ्यायचं नाही

रात्री सापाचं नाव घेऊ नये, असं जुनी माणसं सांगत. 'जनावर' म्हणायचं, फार तर 'लांबडं'. अंगभर फोड उठवणाऱ्या त्या रोगालाही रोग म्हणायची सोय नव्हती. 'देवी आल्या' म्हणायचं आणि हात जोडायचे. नाव घेतलं की ते दाराशी येतं, हा त्यामागचा समज. आपण आता त्याला हसतो. पण तारायंत्र, वायुभारमापक, रोजचे नकाशे आणि सरकारी पगारावरचे तज्ज्ञ हाताशी असलेल्या अमेरिकी हवामान खात्यानं हाच नियम जवळजवळ साठ वर्षं पाळला, आणि तोही लेखी. तिथला न घ्यायचा शब्द होता 'टोर्नेडो'.

टोर्नेडोला मोठी वावटळ समजायची चूक आपल्याकडे नेहमी होते. वैशाखात माळावरून पाचोळा फिरवत जाणारी वावटळ तापलेल्या जमिनीतून उठते आणि वर चढता चढता विरून जाते. टोर्नेडोचं मूळ ढगात असतं. वसंत ऋतूत अमेरिकेच्या मधल्या सपाट मुलखावर तीन हवांची गाठ पडते: मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट, उबदार हवा, पश्चिमेच्या पठारांवरून आलेली कोरडी हवा, आणि डोक्यावर आठ-दहा किलोमीटर उंचीवरून सुसाट वाहणारा पश्चिमेचा वारा. जमिनीलगतचा वारा दक्षिणेचा आणि सावकाश, वरचा पश्चिमेचा आणि वेगवान. या फरकामुळे हवेला आडवा पीळ पडतो, पोळपाटावर लाटणं फिरावं तसा. ढगात वर घुसणारी उबदार हवा ते आडवं लाटणं उभं करते आणि अख्खा मेघ स्वतःभोवती फिरायला लागतो. अशा फिरणाऱ्या मेघांपैकी थोड्यांचीच सोंड जमिनीला टेकते. टेकली आणि जोरकस असली, तर आतल्या वाऱ्याचा वेग ताशी तीनशे-चारशे किलोमीटरपर्यंत जातो. आपल्या वळवाच्या पावसातही गडगडाट असतो, गारा असतात, पत्रे उडतात, विजेनं माणसं मरतात. पण हा पीळ सहसा नसतो. बंगालच्या बाजूला मात्र तो असतो. टोर्नेडोनं घेतलेल्या बळींची आजवरची सर्वांत मोठी नोंद अमेरिकेतली नाहीच. ती २६ एप्रिल १९८९ची, बांगलादेशातल्या माणिकगंज जिल्ह्यातली आहे; सुमारे १,३०० माणसं त्या संध्याकाळी गेली.

अमेरिकेत वस्ती करायला गेलेले शेतकरी या संकटाला पुष्कळदा 'सायक्लोन' म्हणत. घराच्या अंगणात खणलेल्या तळघराला ते 'सायक्लोन सेलर' म्हणत, आणि १९०० साली निघालेल्या 'ओझच्या जादूगारा'च्या गोष्टीत डोरोथी नावाच्या मुलीचं घर उचलून नेणारं वादळही 'सायक्लोन'च आहे. हा शब्द गेला आपल्या कोलकात्यातून. तिथल्या हेन्री पिडिंग्टन नावाच्या गृहस्थानं बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करून १८४८च्या सुमारास तो घडवला, तो सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. तेव्हा साप इथेही आहेच.

टोर्नेडोची जात ओळखायला बरीच वर्षं गेली. वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र त्यात सापडलं तर यंत्रच जाणार. म्हणून लोक मागे उरलेल्या खुणांवरून अदमास बांधत. पिसं उपटली गेलेल्या कोंबड्या ही त्यातली एक नेहमीची खूण. १८४२ साली ओहायोतल्या एलायस लूमिस या प्राध्यापकानं नुकतीच मारलेली एक कोंबडी तोफेत गोळ्याच्या जागी भरली आणि आभाळाकडे उडवली. पिसं किती वेगाला सुटतात, हे त्याला पाहायचं होतं. हिशेबानं वेग निघाला ताशी ३४१ मैल. पिसं सुटली खरी, पण कोंबडीच्याही चिंधड्या झाल्या. वादळाचा वेग याहून कमी असला पाहिजे, एवढा निष्कर्ष त्यानं प्रामाणिकपणे लिहून ठेवला.

खरं काम सुरू झालं ते जॉन पार्क फिन्लीपासून. मिशिगन प्रांतातला हा तरुण १८७७ साली लष्कराच्या सिग्नल सेवेत भरती झाला. हवामानाचं काम तेव्हा लष्कराकडे होतं, कारण तारायंत्राचं जाळं आणि शिस्तीत नोंदी ठेवणारी माणसं त्यांच्याकडे होती. मे १८७९च्या अखेरीस कॅन्सस, मिसूरी, नेब्रास्का आणि आयोवा या प्रांतांवर टोर्नेडोंची एक टोळधाडच आली. वरिष्ठांनी फिन्लीला पाहणीला पाठवलं. झाडं कोणत्या दिशेला पडली, घराची कोणती भिंत आधी गेली, सोंड किती वाजता दिसली, आदल्या सकाळी वारा कुठला होता, हे सगळं तो गावोगाव विचारत फिरला. १८८२ साली त्यानं १७९४पासूनच्या ६०० टोर्नेडोंचं टिपण छापलं. मग गावागावांतले हौशी वार्ताहर जमवले: पोस्टमास्तर, शेतकरी, शाळामास्तर. १८८७पर्यंत ही संख्या २,४०० झाली होती. हवामानाच्या नकाशावर कमी दाबाचं क्षेत्र असेल तर टोर्नेडो त्याच्या आग्नेयेला काहीशे मैलांवर होतात, आणि तिथे दक्षिणेची दमट हवा वायव्येच्या थंड हवेशी भिडलेली असते, हे त्यानं या नोंदींतून काढलं. वरच्या हवेची काहीही माहिती नसताना, केवळ जमिनीवरच्या नोंदींवरून काढलेलं हे अनुमान आजही चुकीचं ठरलेलं नाही.

१० मार्च १८८४ रोजी फिन्लीनं अंदाज द्यायला सुरुवात केली. अंदाज खात्यापुरते होते, लोकांना सांगायचे नव्हते. रॉकी पर्वतांच्या पूर्वेकडचा मुलूख त्यानं विभागांत वाटून घेतला आणि प्रत्येक विभागासाठी पुढच्या काही तासांत टोर्नेडोला अनुकूल स्थिती आहे की नाही, हे तो नोंदवू लागला. तीन महिन्यांत असे २,८०३ अंदाज झाले. त्यानं जाहीर केलं, ९६.६ टक्के बरोबर.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा भूगर्भशास्त्रज्ञ. हवामानाशी त्याचा थेट संबंध नव्हता, पण आकड्यांवर नजर बारीक. त्यानं फिन्लीचा तक्ता चार घरांत मांडला. टोर्नेडो होईल म्हटलं आणि झाला: २८ वेळा. होईल म्हटलं आणि झाला नाही: ७२ वेळा. होणार नाही म्हटलं आणि झाला: २३ वेळा. होणार नाही म्हटलं आणि झालाही नाही: २,६८० वेळा. म्हणजे फिन्लीच्या यशातला बहुतेक वाटा 'काही होणार नाही' या अंदाजाचा होता. डोळे मिटून रोज 'होणार नाही' एवढंच लिहिलं असतं, तर यश ९८.२ टक्के आलं असतं, फिन्लीपेक्षा जास्त! परीक्षेला न बसलेल्या मुलाचे गुण बसलेल्यापेक्षा वर जावेत, तशातला हा प्रकार.

गिल्बर्टचं गणित बिनचूक होतं. पण त्याचा अर्थ फिन्ली निकामी होता असा नव्हे, आणि गिल्बर्टचंही तसं म्हणणं नव्हतं. यश मोजायची पट्टी चुकली, एवढंच तो सांगत होता. एकूण ५१ टोर्नेडोंपैकी २८ फिन्लीनं आधी ओळखले होते. त्या काळात, हातात तारेनं आलेले जमिनीवरच्या हवेचे आकडे एवढीच सामग्री असताना, ही कामगिरी मला तरी मोठी वाटते. खात्याला ती तशी वाटली नाही. १८८७च्या वार्षिक अहवालात सिग्नल सेवेच्या प्रमुखांनी लिहिलं की, असा अंदाज जाहीर केला तर होणारं नुकसान खुद्द टोर्नेडोपेक्षा जास्त असेल. लोक घाबरतील, धावत सुटतील. शिवाय पश्चिमेकडे जमिनी विकणाऱ्यांना, गावं वसवणाऱ्यांना, तिथे पैसा गुंतवायला माणसं आणणाऱ्यांना टोर्नेडोचे नकाशे नकोच होते. शब्द वापरायचा नाही, असं ठरलं. घबराट खरोखर झाली असती का, हे कळायचा मार्गही त्यामुळे बंद झाला, कारण इशारा कधी दिलाच गेला नाही. १८९१ साली हवामान खातं लष्कराकडून शेतकी विभागाकडे गेलं, माणसं बदलली, पण बंदी तशीच राहिली. १९०५च्या केंद्र-नियमावलीत तर ती स्पष्ट शब्दांत छापली गेली: टोर्नेडोचे अंदाज देण्यास मनाई आहे. वादळ जोरदार असेल तेव्हा 'मेघगर्जना', 'जोराचे वारे' एवढ्यावर भागवायचं.

फिन्लीचं संशोधन गुंडाळलं गेलं. पुढे तो लष्करातच वेगळ्या वाटेला लागला आणि फिलिपिन्समध्ये झाम्बोआंगा जिल्ह्याचा गव्हर्नर झाला. १९१३ साली तिथल्या मुसलमानांच्या वतीनं तो थेट कॉन्स्टँटिनोपलला तुर्की सुलतानाच्या दरबारापर्यंत गेला. टोर्नेडोवर आयुष्य वेचू पाहणाऱ्या माणसाचं हे असं झालं.

१८ मार्च १९२५, बुधवार. खात्याचा त्या दिवसाचा अंदाज होता: पाऊस आणि दिशा बदलणारे जोराचे वारे. दुपारी एकच्या सुमारास मिसूरी प्रांतात एलिंग्टन गावाजवळ सोंड जमिनीला टेकली. पण तिला सोंड म्हणावं अशी ती दिसतच नव्हती. चित्रातल्यासारखं ढगातून लोंबणारं नरसाळं कुणाला दिसलं नाही. काळसर धुक्याचा एक ढीग जमिनीवरून उकळत, गडगडा लोळत येतोय, असं वाचलेल्या माणसांनी सांगितलं. शेतावर आयुष्य काढलेल्या, आभाळ वाचता येणाऱ्या माणसांनाही ते ओळखता आलं नाही. वेग ताशी शंभर किलोमीटर, मध्ये मध्ये त्याहूनही जास्त. मिसिसिपी नदी ओलांडून अडीच वाजता ते इलिनॉयमधल्या गोरम गावात शिरलं. पुढच्या चाळीस मिनिटांत गोरम, मर्फिसबरो, डी सोटो, हर्स्ट-बुश आणि वेस्ट फ्रँकफर्ट या गावांत मिळून ५४१ माणसं मेली.

यातलं डी सोटो हे लहानसं गाव. शाळा भरलेली होती. इमारत मुलांच्या अंगावर बसली आणि ३३ मुलं गेली. मर्फिसबरो रेल्वेचं गाव, तिथे २३४ मेले. पडझडीला आग लागली आणि ती विझवायला पाणी नव्हतं, कारण पाण्याची यंत्रणाही मोडून पडली होती. वेस्ट फ्रँकफर्ट कोळशाच्या खाणींचं. तिथले शेकडो पुरुष त्या वेळी जमिनीखाली पाचशे फुटांवर काम करत होते. वीज गेली, माणसं वर-खाली नेणारा पाळणा बंद पडला. काय झालं ते कळेना, म्हणून अडचणीच्या वेळच्या वाटेनं ते चढत चढत वर आले. वर आले तेव्हा घरं नव्हती. मेलेल्यांत बहुतेक त्यांच्या बायका आणि मुलं होती. खाणीत उतरणाऱ्या नवऱ्याची काळजी करत घरी बसलेल्या बायका मेल्या आणि खाणीतले नवरे वाचले. त्या गावात उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा सगळा हिशेब त्या दिवशी उलटा झाला.

इंडियाना प्रांतात शिरून साडेचारच्या सुमारास ते वादळ विरलं. साडेतीन तास, २१९ मैल, म्हणजे साधारण साडेतीनशे किलोमीटर, आणि ६९५ मृत्यू. अमेरिकेत एका टोर्नेडोनं याहून जास्त माणसं आजतागायत मारलेली नाहीत. मला यात सारखा एकच तपशील खुपतो. इंडियानातलं प्रिन्स्टन शहर उद्ध्वस्त झालं ते संध्याकाळी सव्वाचारनंतर, एलिंग्टननंतर तब्बल तीन तासांनी. तीन तासांत तार जगाच्या पलीकडे जाते. मधल्या गावांचे खांब पडले होते हे खरं, रडार नव्हतं हेही खरं. पण प्रत्येक गाव जणू आपल्यालाच पहिल्यांदा गाठल्यासारखं सापडलं, याचं कारण फक्त पडलेले खांब नव्हते. ज्या गोष्टीचं नावच घ्यायचं नाही, ती पुढच्या गावाला कळवायची व्यवस्था कोण उभी करणार?

दुसऱ्या महायुद्धात ती व्यवस्था थोडीफार उभी राहिली, पण ती दारूगोळ्याचे कारखाने आणि लष्करी तळ यांच्याभोवती. आभाळावर नजर ठेवायला स्वयंसेवक नेमले गेले. शाळांपेक्षा स्फोटकांची काळजी आधी घेतली गेली, हे नोंदवून पुढे जाऊ. टोर्नेडोचा पहिला यशस्वी इशाराही शेवटी लष्करी तळावरूनच निघाला.

ओक्लाहोमा शहराजवळ टिंकर हवाईतळ आहे. २० मार्च १९४८च्या रात्री तिथे हवामानाच्या पाळीवर कॅप्टन रॉबर्ट मिलर होता. कॅलिफोर्नियाचा माणूस, तळावर येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. त्यानं अंदाज दिला: जोराचा कोरडा वारा, वादळ नाही. रात्री ९ वाजून ५२ मिनिटांनी जवळच्या विल रॉजर्स विमानतळावरून निरोप आला की दक्षिणेला टोर्नेडो जमिनीवर आहे आणि ईशान्येकडे सरकतोय. ईशान्येला टिंकरच होतं. विजेच्या उजेडात मिलरला तो येताना दिसला. तळावरची विमानं एकमेकांवर आपटली, नियंत्रण मनोऱ्याच्या काचा आतल्या माणसांच्या अंगावर फुटल्या. नुकसान १ कोटी डॉलरवर. दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली आणि तिनं निर्वाळा दिला की ही गोष्ट आस्मानी आहे, आधी सांगता येण्यासारखी नव्हती.

तळाचे प्रमुख जनरल फ्रेड बोरम यांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यांनी मिलर आणि त्याचा वरिष्ठ मेजर अर्नेस्ट फॉबुश यांना बोलावलं आणि खरंच सांगता येत नाही का, ते शोधून काढायला सांगितलं. दोघांनी जुने नकाशे उपसले. टोर्नेडो झालेल्या दिवशी जमिनीवर काय होतं आणि वर, फुग्यांनी मोजलेल्या हवेत काय होतं, ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं फिन्लीचं लिखाणही त्यांच्या वाचनात आलं. दमट हवेची जीभ कुठवर आली आहे, कोरडी हवा तिला कुठे छेदते, वरचा वेगवान वारा नेमका कुठून जातो, अशा काही खुणा त्यांनी पक्क्या केल्या.

२५ मार्चला, म्हणजे पाचव्याच दिवशी, सकाळचे नकाशे आले. ते २० तारखेच्या नकाशांची नक्कल वाटावी इतके सारखे होते. दोघे चपापले. दुपारी जनरल आले, नकाशे पाहिले आणि विचारलं, टोर्नेडोचा इशारा देणार का? दोघांची चुळबुळ सुरू झाली. एकाच ठिकाणी पाच दिवसांत दोनदा टोर्नेडो यायची शक्यता दोन कोटींत एक, हा आकडा या गोष्टीबरोबर तेव्हापासून सांगितला जातो. शिवाय असा इशारा तोवर कुणी दिलेला नव्हता. चुकला तर नाचक्की आपली. जनरलांनी त्यांना सुटू दिलं नाही. वादळाची फळी रडारवर दिसू लागली, तसं ते पुन्हा आले. दुपारी २ वाजून ५० मिनिटांनी मिलरनं इशारा लिहिला, फॉबुशनं तो टाइप केला आणि तळावर आदेश सुटले. विमानं हँगरमध्ये घेतली, उडण्यासारखं सामान बांधलं, धोक्याच्या जागेवरची माणसं हलवली.

पाच वाजून गेले. वादळाची फळी विल रॉजर्स विमानतळावरून सरकली आणि तिथून निरोप आला: हलका गडगडाट, बारीक गारा, वारा ताशी २६ मैल. झालं! मिलर घरी गेला. आता लष्करात आपलं काही खरं नाही, कुठेतरी लिफ्टमनची नोकरी बघावी लागणार, हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. थोड्या वेळानं रेडिओवरचा कार्यक्रम मध्येच थांबवून निवेदक टिंकर तळावर टोर्नेडो आल्याचं सांगू लागला. मिलरला वाटलं, हे २० तारखेचंच काहीतरी पुन्हा सांगतायत. ते त्या दिवसाचंच होतं. संध्याकाळी सहाच्या सुमारास टोर्नेडो तळावर आला होता. नुकसान ६० लाख डॉलर, मेलेला माणूस एकही नाही.

या प्रसंगात दैवाचा हात मोठा होता, हे कबूल करायला हवं. आजची साधनं घेऊनही एका तळावर अमुक तासांत टोर्नेडो येईल, असं सकाळी कुणी सांगणार नाही. पण त्या संध्याकाळनंतर 'सांगताच येत नाही' हे म्हणणं टिकेना. हवाईदलाचे इशारे बाहेर झिरपू लागले. सैनिकांना सांगता ते आम्हाला का नाही, अशी पत्रं येऊ लागली. १२ जुलै १९५० रोजी हवामान खात्याचे प्रमुख फ्रान्सिस रायकलडरफर यांनी परिपत्रक काढून टोर्नेडोचे अंदाज देण्यावरची बंदी उठवली. १९५२च्या मार्चपासून खात्याचे स्वतःचे जाहीर अंदाज सुरू झाले.

परिपत्रकानं नियम सुटतो, सवय सुटत नाही. ८ जून १९५३ रोजी मिशिगनमध्ये फ्लिंट इथे ११६ माणसं गेली. तीच हवा दुसऱ्या दिवशी पूर्वेला मॅसॅच्युसेट्सवर येणार, हे बॉस्टनच्या कार्यालयाला दिसत होतं. टोर्नेडो म्हणायचं की नाही, यावर तिथे चर्चाही झाली. आपल्या भागातल्या लोकांना या शब्दाची सवय नाही, उगाच घाबरतील, म्हणून अंदाजात जोरदार मेघगर्जना एवढंच गेलं. त्या दुपारी वुस्टर शहरावरून टोर्नेडो गेला आणि ९४ माणसं मेली. त्यानं उडवलेल्या गाद्यांचे तुकडे ढगात इतक्या उंचावर गेले की गोठून, पन्नास-साठ किलोमीटरवरच्या बॉस्टन बंदराच्या पाण्यात पडले. शब्द टाळला तरी वस्तू बॉस्टनपर्यंत पोचलीच.

त्यानंतर मात्र यंत्रणा झपाट्यानं उभी राहिली. रडारच्या पडद्यावर वादळाच्या कडेला आकड्यासारखी वळलेली शेपटी दिसते, हे त्याच वर्षी एप्रिलमध्ये इलिनॉयमध्ये टिपलं गेलं होतं. अंदाज देणारं केंद्र कॅन्सस सिटीला गेलं, गावोगाव भोंगे बसले, पुढे डॉप्लर रडारांचं जाळं देशभर पसरलं. फ्लिंटनंतर शंभरावर बळी घेणारा एकही टोर्नेडो अमेरिकेत ५८ वर्षं झाला नाही.

फिन्लीचं सगळंच काही टिकलं नाही. टोर्नेडो आला तर तळघराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बसा, कारण वादळ नैर्ऋत्येकडून येतं आणि मोडतोड पुढे उडून जाते, हा त्याच्या काळापासूनचा सल्ला आजीकडून नातवाकडे असा ऐंशी वर्षं चालत आला. ८ जून १९६६ रोजी कॅन्ससमधल्या टोपिका शहरावर टोर्नेडो गेल्यावर जोसेफ ईगलमन या प्राध्यापकानं पडलेली घरं एकेक करून तपासली. सर्वांत धोक्याचा निघाला तो नैर्ऋत्य कोपराच. अंगणातली तळघरं खोल आणि सुटी असतात, त्यांना कोपरा लागत नाही. घराखालच्या तळघरात कुठेतरी भक्कम टेबलाखाली शिरावं, हा सल्ला आता दिला जातो.

२२ मे २०११, रविवार, मिसूरीतलं जॉप्लिन शहर. ५८ वर्षांची मालिका इथे तुटली. संध्याकाळी ५ वाजून ११ मिनिटांनी भोंगे वाजले. टोर्नेडो शहरात शिरायला अजून पंचवीसेक मिनिटं होती. १९२५च्या डी सोटोला पंचवीस मिनिटं मिळाली असती तर! पण बरेच लोक जागचे हलले नाहीत. भोंगे नेहमीच वाजतात, आणि येत तर काही नाही. कुणी टीव्ही लावून बघत राहिलं, कुणी अंगणात येऊन आभाळाकडे पाहिलं, कुणी दुसऱ्या खुणेची वाट पाहिली. ५ वाजून ३८ मिनिटांनी भोंगे पुन्हा वाजले तेव्हा फार उशीर झाला होता. १६१ माणसं गेली. नंतरच्या अहवालात देशभराचा आकडा दिला होता: टोर्नेडोच्या दर चार इशाऱ्यांपैकी सुमारे तीन फोल जातात.

फिन्लीचे शंभरातले ७२ फोल गेले होते. ही तुलना सरळ नाही, हे मान्य. त्याचा इशारा मोठ्या विभागासाठी आणि काही तासांसाठी असे, आताचा काही किलोमीटरच्या पट्ट्यासाठी आणि तासाभरापेक्षा कमी वेळेचा. पण इशारा फोल जाण्याचं प्रमाण सव्वाशे वर्षांनी फिरून तिथेच यावं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. शब्द उच्चारायला लावण्यात साठ वर्षं गेली. तो ऐकायला लावण्याचं काम अजून चालू आहे, आणि ते रडारनं होणारं नाही.

फिन्ली १९४३ साली गेला, टिंकरच्या इशाऱ्याला चार-पाच वर्षं बाकी असताना. हवामानाच्या अंदाजांची पडताळणी शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकांत पहिलं उदाहरण अजूनही बहुधा त्याचंच असतं. चार घरांचा तोच तक्ता आणि त्यात तेच चार आकडे: २८, ७२, २३, २,६८०.